‘घरी न्या’ म्हणण्याआधी

“उलटला म्हणे.”

सिडकोतल्या आमच्या गल्लीत बातमी एवढ्या दोनच शब्दांत पोचली, आणि काय उलटलं हे कुणाला विचारावं लागलं नाही. सर निवृत्त शिक्षक, गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलेलं नाही. त्यांना टॉन्सिलचा कॅन्सर निघाला तेव्हाच लोकांचा हिशेब चुकला होता. ऑपरेशन झालं. टॉन्सिल काढला, मानेची एक बाजू उघडून गाठी काढल्या, रिपोर्ट चांगला आला, शेक, म्हणजे किरणोपचार, द्यायची गरज नाही असं ठरलं आणि घरात सत्यनारायण झाला. सव्वा वर्षानं दाढी करताना टाक्यांच्या व्रणाखाली बोराएवढी गाठ हाताला लागली.

भेटायला येणाऱ्यांनी पोह्यांची बशी हातात घेऊन निकाल देऊन टाकला. जालन्याहून आलेले पाहुणे म्हणाले, “एकदा सुरी लागली की पसरतंच ते, भाऊ. आता कशाला म्हाताऱ्या माणसाचे हाल करता? घरी न्या, सेवा करा.” सरांच्या पुतण्यानं मोबाइलमधून मान वर न काढता दुसरं टोक गाठलं : “काका, तंबाखू नाही म्हणजे हा व्हायरसवाला असणार. तो चांगला असतो. अमेरिकेत बहुतेक सगळे बरे होतात.” आणि ओळखीच्या एका डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, “रिकरन्स म्हणजे रिकरन्स. मुळात कशामुळे झाला होता, याला आता काही अर्थ नाही.”

हा लेख या तिघांशी भांडण्यासाठी आहे. पाहुण्यांचं वाक्य मराठवाड्यातल्या घराघरांत बोललं जातं, पुतण्याचं वाक्य नवं आहे आणि वाढतं आहे. पण आधी घेतो ते डॉक्टरांचं, कारण तेवढं एकच असं होतं की ज्याच्यापुढे घरातल्या कुणाला बोलायची हिंमत झाली नाही.

घशाच्या मागच्या भागाचा, म्हणजे टॉन्सिलचा आणि जिभेच्या मुळाचा कॅन्सर दोन वाटांनी येतो. एक आपल्या ओळखीची : तंबाखू, विडी, दारू. दुसरी ह्युमन पॅपिलोमा व्हायरसची, म्हणजे एचपीव्हीची, आणि त्यातही मुख्यतः सोळा नंबरच्या जातीची. बायकांच्या गर्भाशयमुखाचा कॅन्सर करतो तोच हा विषाणू. ते नातं दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. रिपोर्टवर दोन्ही वाटांच्या कॅन्सरचं नाव एकच येतं, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. पण नावापलीकडे आजार वेगळे आहेत. तंबाखू पेशीचं जनुकीय यंत्र ठिकठिकाणी मोडते. विषाणू मात्र ते मोडत नाही, त्याला कुलूप घालतो : त्याची दोन प्रथिनं पेशीतल्या दोन राखणदार प्रथिनांना निकामी करून ठेवतात, पण ती राखणदारं बनवणारी जनुकं बहुधा शाबूत असतात. म्हणून अशी पेशी किरणांना आणि औषधांना लवकर शरण येते, असं मानलं जातं. शिवाय ती परक्या विषाणूची प्रथिनं बाळगून असल्यामुळे शरीराच्या राखणदारीला ती थोडी लवकर ओळखू येते.

याचा पहिल्या उपचारावर काय परिणाम होतो ते २०१० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीतून पुढं आलं. शेक आणि केमो घेतलेल्या रुग्णांपैकी विषाणूवाल्या गटातले ८२.४ टक्के तीन वर्षांनी जिवंत होते, विषाणू नसलेल्या गटातले ५७.१ टक्के. हे डॉक्टरांनाही माहीत असणार. त्यांचं म्हणणं पुढचं होतं : आजार परत आला की हा फरक पुसला जातो.

तो पुसला जात नाही. नेमका हाच प्रश्न विचारणारा अभ्यास २०१४ साली कॅरोल फाख्री आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. आजार परत आलेले किंवा वाढलेले १८१ रुग्ण त्यांनी पाहिले, १०५ विषाणूच्या खुणेचे आणि ७६ त्या खुणेविना. आजार उलटायला लागलेला काळ दोन्हीकडे जवळपास सारखा होता, ८.२ महिने आणि ७.३ महिने. म्हणजे विषाणूचा कॅन्सर काही सावकाश उलटत नाही. फरक दिसला तो उलटल्यानंतर. दोन वर्षांनी खुणेच्या गटातले ५४.६ टक्के जिवंत होते, दुसऱ्या गटातले २७.६ टक्के. मधला आकडा घेतला तर एका गटात २.६ वर्षं, दुसऱ्यात ०.८ वर्ष, म्हणजे दहा महिनेही नाहीत. आणि ज्यांच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करता आली, त्यांचा मृत्यूचा धोका कमी निघाला.

अडीच वर्षं आणि दहा महिने यांत काय फरक आहे, असं ज्याला वाटतं त्याच्या घरात लग्नाला आलेली मुलगी नसावी.

आता माझ्याच बाजूच्या आकड्यांवर एक आक्षेप मीच घेतो, कारण सरांसारख्या रुग्णासाठी तो आक्षेपच आशेचा आहे. त्या १८१ जणांना पहिला उपचार म्हणून शेक दिला गेला होता. सरांना झालं होतं फक्त ऑपरेशन. शेकाचं गणित असं की मान आणि घसा पूर्ण मात्रा साधारणपणे एकदाच सोसतात. साठ ते सत्तर ग्रे एवढे किरण सहा-सात आठवड्यांत तिथं गेले की तिथल्या हाडाला, कातडीला, रक्तवाहिन्यांना ते आयुष्यभर आठवत राहतात. दुसऱ्यांदा तेवढाच शेक दिला तर जबड्याचं हाड मरू शकतं, मानेतली मोठी धमनी फुटू शकते. म्हणून ज्याला आधी शेक झाला आहे त्याचा आजार त्याच जागी उलटला की डॉक्टरांचे हात खरोखर बांधले जातात. पण ज्याला शेक लागलाच नाही, त्याच्या भात्यातला सगळ्यात मोठा बाण अजून तसाच आहे. त्याची गाठ पुन्हा काढता येते, वर पूर्ण मात्रेचा शेक देता येतो, गरज असेल तर सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध देता येतं. “ऑपरेशननंतर उलटला” या एका वाक्यात असे दोन पूर्णपणे वेगळे रुग्ण बसलेले असतात, आणि फोनवरच्या डॉक्टरांनी “आधी शेक झाला होता का?” एवढंही विचारलं नाही.

त्यांनी आणखी एक विचारलं नाही : उलटला तो कुठं? ऑपरेशननं सुरुवात झालेल्या विषाणूवाल्या रुग्णांत आजार परतला तर बऱ्याचदा मूळ जागा स्वच्छ असते. तो मानेत येतो किंवा दूर, बहुधा फुफ्फुसात. मानेतली एकटी, हलणारी, धमनीला न चिकटलेली गाठ ही एक गोष्ट. फुफ्फुसातला एकटा ठिपका दुसरी, आणि त्यातही विषाणूवाल्या आजारात असा एकुलता ठिपका काढून किंवा नेमक्या किरणांनी जाळून माणसं काही वर्षं चांगली राहिल्याच्या नोंदी आहेत. फुफ्फुस, हाड, यकृत सगळीकडे विखुरलेला आजार ही तिसरी. या तिघांना एकच शब्द लावायचा आणि पेटस्कॅन न करता लावायचा, हे निदान होत नाही. पंचांग न उघडता मुहूर्त सांगण्यातला तो प्रकार आहे.

इथे घरातल्या अपराधी भावनेबद्दलही बोलायला हवं. सरांचा मुलगा मला गच्चीवर घेऊन गेला आणि म्हणाला, “तेव्हाच शेक दिला असता तर? आम्हीच म्हणलो होतो, नको म्हणून.” त्या निर्णयाच्या बाजूनंही पुरावा आहे. अमेरिकेत तोंडावाटे, बाहेरून न चिरता केलेल्या शस्त्रक्रियेनंतरच्या उपचाराची एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ साली आले. कमी जोखमीच्या ज्या रुग्णांना शेक न देता नुसतं देखरेखीवर ठेवलं, त्यांतले ९६.९ टक्के दोन वर्षांनी आजाराविना होते. तो गट लहान होता हे खरं, पण शेक वाचवणं हा आळस नसतो हे त्यातून कळतं. गिळता न येणारा कोरडा घसा घेऊन वीस वर्षं जगणं काय असतं हे ज्यांनी जवळून पाहिलंय, ते शेकाला उगाच हात घालत नाहीत. शंभरात तीन-चार जणांचा आजार तरीही परततो. सर त्यांतले निघाले. कुणी चुकलं म्हणून नाही.

आता पाहुणे.

सुरी लागली की कॅन्सर पसरतो, बायोप्सी केली की खवळतो. ही समजूत मी माझ्या आजीच्या तोंडून ऐकली, रिक्षावाल्याच्या तोंडून ऐकली आणि एका इंजिनिअरच्या तोंडूनही ऐकली. तिचा जन्म कसा झाला असेल हे समजू शकतं. पूर्वी माणूस दवाखान्यात पोचायचाच उशिरा, गाठ लिंबाएवढी झाल्यावर. तेव्हा चिरायचे, तरी तो जायचा, आणि गावाला लक्षात राहायची ती सुरी. खरं कारण सुरीच्या आधीच घडून गेलेलं असायचं : गाठीचं कवच फोडून पेशी बाहेर निघालेल्या, कडेला डोळ्यांना न दिसणारे धागे राहिलेले.

पण या समजुतीला सगळ्यात सणसणीत उत्तर परदेशातून आलेलं नाही, मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयातून आलेलं आहे. तोंडाचा कॅन्सर लवकरच्या अवस्थेत असलेल्या रुग्णांत, मानेत गाठ हाताला लागत नसतानाही मान आधीच उघडून गाठी काढायच्या, की वाट पाहायची आणि गाठ आली तर मग काढायची? डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचणीत तपासला आणि २०१५ साली निष्कर्ष मांडले. आधी सुरी लावलेल्या गटातले ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते, थांबलेल्या गटातले ६७.५ टक्के. हे रुग्ण आपलेच, बहुतेक तंबाखूचेच. सुरीनं आजार पसरत असता तर आकडे उलटे आले असते. पाहुण्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मुंबईचं वेगळं असतं.” मी चहा घेतला.

पुतण्याशी भांडणं जास्त अवघड, कारण तो अर्धा बरोबर आहे. विषाणूवाल्या कॅन्सरचं भवितव्य बरं असतं, हे वर मीच लिहिलं. पण ‘चांगला कॅन्सर’ हा शब्द आपल्याकडे येताना वाटेत तीन गोष्टी गाळून येतो.

पहिली म्हणजे अमेरिकेत टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचे साधारण सत्तर टक्के कॅन्सर एचपीव्हीशी जोडलेले मानले जातात. आपल्याकडे चित्र तसं नाही, इथे तंबाखूचा वाटा प्रचंड आहे. आमच्या शहरातल्या आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयासमोर सकाळी उभं राहून पाहा. जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाणा, सगळीकडून माणसं आलेली असतात आणि अर्ध्यांच्या खिशातून चुन्याची डबी अजून गेलेली नसते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ते रुग्णालयही त्याच साली सुरू झालं. दोन्ही घटनांची एकमेकींशी अजून नीट ओळख झालेली दिसत नाही.

विषाणू असला तरी तंबाखू त्याचा फायदा खाऊन टाकते, ही गाळलेली दुसरी गोष्ट. २०१० च्या त्याच अभ्यासात धूम्रपानाच्या दर ‘पॅक-वर्षा’मागे मृत्यूचा धोका सुमारे एक टक्क्यानं वाढताना दिसला, आणि दहा पॅक-वर्षांच्या पुढचे विषाणूवाले रुग्ण मधल्या जोखमीत गेले. पॅक-वर्ष म्हणजे रोज एक पाकीट, वर्षभर. आता तळहातावर मळून दिवसभर दाढेखाली धरलेल्या तंबाखूचं पॅक-वर्ष कसं काढायचं? त्या सूत्रात आपल्या माणसाचा रकानाच नाही. म्हणून परदेशातली टक्केवारी मोबाइलवर वाचून इथल्या माणसाला लावताना हात थरथरायला हवा.

तिसरी चाचणीची, आणि ही बहुतेक घरांपर्यंत पोचतच नाही. विषाणू आहे की नाही हे बहुधा थेट पाहत नाहीत. पी-१६ नावाचं एक प्रथिन रंगवून पाहतात. सत्तर टक्के किंवा अधिक पेशी रंगल्या की विषाणू आहे असं धरून चालतात. स्वस्त आणि सोपी युक्ती आहे, आणि टॉन्सिल व जिभेच्या मुळासाठी ती करायलाच हवी. पण ती सावली आहे. २०२३ साली हिशम मेहाना आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांतल्या ७,६५४ रुग्णांचा ताळा घातला. पी-१६ रंगलं आणि प्रत्यक्ष विषाणूही सापडला, त्या गटात पाच वर्षांनी ८१.१ टक्के जिवंत होते. पी-१६ रंगलं पण विषाणू सापडला नाही, त्या गटात ५४.७ टक्के. आणि जिथं विषाणूचा वाटा मुळात कमी, तिथं ही फसगत जास्त. म्हणजे आपल्याकडे जास्त. गालाच्या, हिरडीच्या कॅन्सरवर पी-१६ करून ‘व्हायरस निघाला, चांगलंय’ म्हणणं तर सरळ चूक आहे. त्या जागांसाठी या रंगाला तो अर्थच नाही.

‘चांगला’ म्हणून उपचार हलके करण्याचा मोहही तपासून झाला आहे. सिस्प्लॅटिन फार त्रास देतं, तर विषाणूवाल्यांना त्याऐवजी सेटुक्सिमॅब देऊ, ही कल्पना किती शहाणी वाटते! २०१९ साली दोन चाचण्यांचे निष्कर्ष एकत्रच आले. युरोपातल्या चाचणीत दोन वर्षांनी सिस्प्लॅटिनवाल्यांपैकी ९७.५ टक्के जिवंत होते आणि सेटुक्सिमॅबवाल्यांपैकी ८९.४ टक्के. आजार परतण्याचं प्रमाण सहा टक्क्यांवरून सोळावर गेलं. अमेरिकेतल्या चाचणीनंही तेच सांगितलं. चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या कॅन्सरनं हलक्या हाताचा सूड घेतला. आणि तो उलटतो तेव्हा तर अजिबात चांगला नसतो : फाख्रींच्या गटातले निम्म्याच्या जवळपास रुग्ण दोन वर्षांत गेले, हे विषाणू असूनही.

मग मी पुतण्याशी भांडतोय की डॉक्टरांशी? दोघांशी, कारण दोघंही एकाच गोष्टीतून सुटका शोधत आहेत. एकाला विषाणूच्या नावानं सगळं सोपं करायचं आहे, दुसऱ्याला ते नावच नको आहे. सरांच्या पहिल्या रिपोर्टवर पी-१६ चा उल्लेखच नव्हता. सव्वा वर्ष कुणी विचारलं नव्हतं. दोघांनीही न तपासलेल्या गोष्टीवर मत दिलं होतं.

आणि आणखी एक जण होता, जो बैठकीत बोलला नाही. स्वयंपाकघरात बोलला. व्हायरस हा शब्द घरात आल्याच्या दुसऱ्या दिवशी सरांचं ताट-वाटी वेगळं झालं. २०२० नं आपल्याला व्हायरसबद्दल एवढंच शिकवलं : अंतर ठेवा. तिसऱ्या दिवशी कुणीतरी हळूच विचारलं, हा व्हायरस कुठून येतो. मोबाइलनं सांगितलं, शरीरसंबंधातून. मग सरांच्या पत्नीकडे, काकूंकडे पाहणाऱ्या नजरा बदलल्या. माळकरी सरांकडे पाहणाऱ्याही.

याचा प्रतिवाद मला सर्वांत जास्त रागानं करावासा वाटतो. हा विषाणू इतका सर्रास आहे की संसारी माणसांपैकी बहुतेकांना आयुष्यात कधीतरी तो शिवून गेलेला असतो, आणि बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काही थोड्यांत तो राहतो, आणि त्यातून कॅन्सर व्हायला दशकं लागतात. आज निघालेला आजार तीस वर्षांपूर्वीच्या कुठल्या दिवसाचा आहे हे कुणीही सांगू शकत नाही. त्यावरून चारित्र्याचा दाखला देणं हा मूर्खपणा आहे आणि दुष्टपणाही. ताट वेगळं करून काहीही टळत नाही. आणि उलटलेला कॅन्सर म्हणजे नव्यानं लागलेला विषाणू नव्हे. मागं राहिलेल्या जुन्या पेशींचीच ती वाढ आहे. आता लस टोचून घ्यावी का, असंही एकानं विचारलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक लस २०२३ पासून बाजारात आहे, मुलींना आणि मुलग्यांनाही देता येते आणि लहान वयात द्यावीच. सरांच्या नातवंडांना द्या. सरांच्या मानेतल्या गाठीला तिचा उपयोग नाही.

या विषाणूबद्दल मराठवाड्यानं तरी अज्ञानी राहायला नको होतं. १९९९ साली इथून फार दूर नसलेल्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, गावांचे ५२ गट पाडून तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन एक चाचणी सुरू झाली. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या ल्यों इथली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था यांचं ते काम. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्हीची चाचणी आयुष्यात फक्त एकदा केली तरी त्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ साली त्यातून सिद्ध झालं. गटांचे आकडे जवळपास सारखे होते. ज्यांची चाचणी केली त्यांत ३४ मृत्यू, ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली त्यांत ६४. या विषाणूची तपासणी कशी करावी याबद्दल जगभर जे बोललं जातं, त्याच्या पायात आपल्या ज्वारीच्या शेतातून उठून आलेल्या या बायका आहेत. त्यांच्या नातवाच्या घशातला तोच विषाणू मात्र आपण ‘अमेरिकेचा आजार’ म्हणून सोडून देतो. मानेत न दुखणारी गाठ आली की टीबी समजून महिनोन्‌महिने गोळ्या देतो, टॉन्सिलमध्ये डोकावत नाही.

आता पैशांकडे येतो. आधीच यायला हवं होतं, पण या विषयाकडे सगळेच शेवटी येतात.

‘काही उपयोग नाही’ हे वाक्य आपल्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतात : वैद्यकीयदृष्ट्या खरोखर काही उरलेलं नाही, तपासलंच नाही, आणि परवडत नाही. पाहुणे तिसऱ्या अर्थानं बोलत होते. दीड एकर विकून भावाला मुंबईला नेलेला आणि हात हलवत परत आलेला माणूस आहे तो. त्याच्या ‘घरी न्या’मागे शहाणपण नसेल पण जखम आहे. माझं भांडण एवढंच की परवडत नसेल तर ‘परवडत नाही’ म्हणा. त्याला उत्तर शोधता येतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, केमो आणि शेक बसतात. आमखासच्या रुग्णालयाला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे, शेकासाठी प्रत्येकानं मुंबईची धर्मशाळा गाठायची गरज नाही. ‘उपयोग नाही’ म्हटलं की मात्र शोधच थांबतो.

आणि आजार खरोखर विखुरलेला असला, सुरी आणि शेक दोन्ही संपलेले असले, तरी मध्ये एक मोठी जागा आहे. टाटामधल्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी तीच नांगरली. मिथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या जुन्या, स्वस्त, घरी घ्यायच्या गोळ्या त्यांनी सिस्प्लॅटिनच्या सलाइनसमोर उभ्या केल्या. २०२० साली निकाल आला : आयुष्याचा मधला आकडा गोळ्यांवर ७.५ महिने, सलाइनवर ६.१. मग इम्युनोथेरपी. तिची पूर्ण मात्रा सामान्य घराच्या स्वप्नातही बसत नाही, म्हणून त्यांनी निव्होलुमॅब नेहमीच्या मात्रेच्या अगदी थोड्या अंशात, तीन आठवड्यांतून एकदा वीस मिलिग्रॅम, गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिलं. एक वर्षानं जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ वर गेलं. हे रुग्ण मुख्यतः तंबाखूचे होते, यांत विषाणूचा गोड लाभ नव्हता. तरीही. ज्या देशात हे काम झालं त्या देशात उलटलेल्या कॅन्सरला ‘आता काही नाही’ म्हणायचं असेल, तर निदान हे वाचून म्हणावं.

घरी नेणं कधीकधी बरोबरच असतं. काही घरांत तो सगळ्यात धीराचा निर्णय असतो, आणि रुग्णानं स्वतः तो घेतला असेल तर मी त्याच्या बाजूनं उभा राहीन. पण मग नीट न्या. वेदनेसाठी मॉर्फिन मिळावं म्हणून २०१४ साली कायदा बदलला. ते कुठून मिळतं हे विचारून न्या, जखम धुवायला कोण येणार हे ठरवून न्या, नळीतून काय घालायचं ते लिहून घेऊन न्या. पॅरासिटामोलची एक स्ट्रिप आणि देवाचा फोटो देऊन घरी पाठवलेल्या माणसाच्या रात्री मी शेजारच्या भिंतीतून ऐकल्या आहेत. त्याला सेवा म्हणू नका.

सरांच्या बाबतीत पुढं जे झालं त्यात नाट्य काही नाही. मुलगा लॅबमध्ये गेला आणि पहिल्या ऑपरेशनचा ब्लॉक मागितला. मेणात बुडवलेला तो तुकडा जपून ठेवलेला असतो आणि रुग्ण तो मागू शकतो, हे त्याला माहीत नव्हतं. काउंटरवरच्या मुलानं रजिस्टर चाळलं, आत गेला, वीस मिनिटांनी काडेपेटीपेक्षा लहान, कापसात गुंडाळलेली वस्तू आणून दिली. मुलानं ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि घरी येईपर्यंत खिशावरचा हात काढला नाही. पी-१६ रंगलं. मग विषाणूचीही चाचणी करायला लावली, तीही जुळली. पेटस्कॅनमध्ये मानेतली ती एकच गाठ दिसली. सर्जन, शेकाचे डॉक्टर आणि केमोचे डॉक्टर एका टेबलाशी बसले. गाठ काढली. कवच एका जागी फुटलेलं होतं, म्हणून शेकासोबत सिस्प्लॅटिनही ठरलं. तेहतीस दिवसांचा शेक. घसा सोलला गेला, चव गेली, वजन नऊ किलोनं उतरलं. पुढच्या दोन वर्षांत काय होईल हे मला माहीत नाही आणि आकड्यांनाही सरांचं नाव माहीत नाही. ताट मात्र काकूंनी स्वतः परत एकत्र केलं.

शेकाच्या एकविसाव्या दिवशी जालन्याच्या पाहुण्यांचा फोन आला. मी तिथंच होतो, म्हणून मीच उचलला.

“मग, शेवटी घरी आणलं का सरांना?”

“घरीच आहेत. आता पेज पिऊन झोपलेत. दोनला उठवायचं, तीनचा शेक आहे.”

पलीकडं थोडा वेळ शांतता होती.

“रिक्षानं नेता का?” त्यांनी विचारलं. “उन्हाचं नका नेऊ बसनं. मी पैसे पाठवतो रिक्षाचे.”